थंय पावस कधी पडता?

श्रीलंकेचा दहा दिवसांचा कार्यक्रम मी आईला लॅपटॉपवरून वाचून दाखवत होते. नेगोम्बो, मग कँडी, मग चहाचे मळे, मग दक्षिणेकडचे किनारे. पुण्यातल्या एका प्रवास कंपनीच्या माणसानं तो करून दिला होता. जूनमध्ये दर चांगला बसतो, असं त्याचं म्हणणं. आई पुढ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. चौथ्या दिवसापर्यंत तिनं निमूटपणे ऐकून घेतलं आणि मग सूप बाजूला न ठेवताच विचारलं, "थंय पावस कधी पडता गे?"

मला माहीत नव्हतं. डोंगरातल्या निळ्या आगगाडीत कुठल्या बाजूची खिडकी घ्यायची हे माहीत होतं, सिगिरियाच्या खडकाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत हे माहीत होतं. पाऊस मात्र मी शोधलाच नव्हता. आमचं घर कुडाळजवळ. लाकडं माडीवर कधी चढवायची, मिरच्या कधी वाळत घालायच्या, लग्नाची तारीख कुठली धरायची, हे सगळं आमच्याकडे पावसाला विचारून होतं. पुण्यात वीस वर्षं काढल्यावर हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला होता.

त्या रात्री नकाशा घेऊन बसले. शाळेत भूगोलाच्या बाईंनी उष्ण कटिबंध म्हणजे बारमाही ऊन आणि बारमाही हिरवळ असं सांगितलं होतं आणि मीही ते तसंच ठेवून दिलं होतं. कोलंबो विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम सात अंशांवर आहे. जानेवारी असो की जुलै, तापमान सरासरी 27 अंशांच्या आसपासच. मुंबईत उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापेक्षा दोन तासांहून जास्त लांब असतो, तिथं हा फरक पाऊण तासाचा. म्हणजे थंडी-उन्हाळ्यावरून तिथं महिना ओळखायची सोयच नाही. ऋतू ओळखायचा तो पावसावरून. आईनं एका वाक्यात बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं.

आणि पाऊसही एक नाही. आपल्याकडे सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे. तिथं डोंगरांचा ढीग आहे देशाच्या मध्यभागी, जरा दक्षिणेला. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा आपलाच मोसमी पाऊस त्या ढिगाच्या अलीकडच्या अंगाला, म्हणजे कोलंबो, गॉल, रत्नपुरा या बाजूला झोडपून काढतो. डोंगर ओलांडताना वाऱ्यातलं पाणी संपतं आणि पलीकडे उतरतो तो कोरडा, भाजणारा वारा. त्याला तिथं 'कच्चान' म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारडं उलटं. ईशान्येकडून पाऊस येतो आणि उत्तर-पूर्वेला भिजवतो, तेव्हा दक्षिणेचे किनारे लख्ख. मधल्या मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारचे गडगडाटी पाऊस, ते कुठेही. महाराष्ट्राच्या पावपटीहूनही लहान असलेल्या देशात एकाच दिवशी एका किनाऱ्यावर छत्री आणि दुसऱ्या किनाऱ्यावर टोपी. जूनमध्ये दक्षिण किनाऱ्याचा दर का 'चांगला बसत' होता ते कळलं. त्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं आणि कोरी वही घेतली.

गंमत अशी की श्रीलंकेचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग 'कोरडा विभाग' म्हणून ओळखला जातो. कोरडा म्हणजे वर्षाला 1750 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस. पुण्यात साधारण सातशे पडतो आणि आम्ही त्याला पावसाळा म्हणतो! पण आकड्यावर जाऊ नये. तिथला बहुतेक पाऊस तीन-चार महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेलं वर्ष ऊन पाणी पीत बसतं. म्हणून अनुराधपुराच्या भोवतालचा नकाशा मोठा करून पाहिला की निळ्या टिकल्याच टिकल्या दिसतात. प्रत्येक टिकलीच्या नावाला 'वेव' किंवा 'कुलम' लागलेलं. वेव म्हणजे सिंहलीतला तलाव, कुलम तमिळमधला. एकाचं सांडलेलं पाणी खालच्यात, त्याचं त्याच्या खालच्यात, अशी माळच्या माळ. कालावेव पाचव्या शतकातला. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाचं पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू नये हे म्हणणं तिकडे पाठ्यपुस्तकातल्या सुविचारासारखं सांगतात. त्यानं पोलोन्नरुवाला बांधलेल्या तलावाचं नावच 'पराक्रम समुद्र'. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव ज्यानं पाहिलेत त्याला हे फार समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपण आपले बरेचसे गाळानं भरू दिले.

हे सगळं मी जेवताना आईला सांगत असे आणि तिला त्यातलं एकच आवडलं. तिकडच्या कोरड्या महिन्यांत मिन्नेरियाचा तलाव आटत जातो तसं काठाला कोवळं गवत उगवतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो हत्ती तिथं जमतात. "हत्तींका बरा कळता," ती म्हणाली. म्हणजे तुला नाही कळत, हे पुढचं तिनं बोललं नाही.

तिच्यासाठी तो देश श्रीलंका नाहीच, सिलोन आहे. 1972 साली नाव बदललं, पण तोवर तिचं ऐकायचं वय होऊन गेलं होतं. साठच्या दशकात मामाच्या ट्रान्झिस्टरवर दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला लागायची आणि अमीन सायानींचा आवाज खळ्यात भरून राहायचा. माहिती आणि नभोवाणी खात्याचे पन्नासच्या दशकातले मंत्री बाळकृष्ण केसकर यांना सिनेसंगीत खपत नसे आणि त्यांनी आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार केलं. एका मराठी माणसाच्या सोवळ्यामुळे अख्खा भारत संध्याकाळी समुद्रापलीकडचं स्टेशन लावू लागला. ते स्टेशन इतकं दूरवर ऐकू यायचं कारण युद्ध. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनचं मुख्यालय कँडीत होतं, सैनिकांसाठी जबरदस्त ताकदीचं प्रक्षेपण उभारलं गेलं आणि युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनच्या हाती आलं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी सिलोन म्हणजे खरखर, मग मुरका घेतलेलं 'बहनों और भाइयों', मग गाणं. "थंय लोक राहतत हां कधी मनातच इला नाय," असं ती म्हणाली तेव्हा मी हसले. नंतर लक्षात आलं की माझंही फारसं वेगळं नव्हतं. तिची लंका रेडिओतली होती, माझी रामायणातली आणि क्रिकेटमधली.

शेजाऱ्यांनीही आपापली लंका आणून दिली. एकांनी विचारलं, "अजून पेट्रोलला रांगा आहेत का?" दुसऱ्यांनी मलेरियाच्या गोळ्या घ्यायला बजावलं. डेंग्यूचे डास आहेत, ते आपल्याकडेही आहेत. पण मलेरियामुक्त देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं श्रीलंकेला 2016 सालीच प्रमाणपत्र दिलंय. आपल्याला ते अजून मिळायचंय. मात्र वाचता वाचता 1934-35 ची मलेरियाची साथ समोर आली आणि तिथं थांबले. सुमारे ऐंशी हजार माणसं गेली. ही साथ सर्वांत जास्त पसरली ती एरवी भरपूर पाऊस पडणाऱ्या भागात. त्या वर्षी पावसानं दगा दिला, वाहत्या नद्यांची डबकी झाली आणि डबक्यांत डासांची पैदास. डास पावसानं वाढतात एवढंच मला माहीत होतं. पाऊस न आल्यानेही ते माणसं मारतात, हे तिथं कळलं.

कँडीत एका घरी उतरायचं ठरलं होतं. घरमालकीण पन्नाशीची, फोनवर हसतमुख. पहिल्याच बोलण्यात म्हणाली, मला मॅडम नको, अक्का म्हण. अक्का म्हणजे थोरली बहीण, तिकडेही. आईला ती अम्मा म्हणू लागली. दोघी एकमेकींशी बोलत त्या माझ्या मोडक्या इंग्रजी दुभाषेपणातून, आणि मी चहाला उठले की माझ्याशिवायही. अक्का प्रत्येक गोष्टीला "हरि, हरि" म्हणायची. खोली वरच्या मजल्यावर नको? हरि. गरम पाणी लागेल? हरि, हरि. चार दिवसांनी आई मला हळूच म्हणाली, बाई मोठी भाविक दिसते. हरि म्हणजे सिंहलीत 'बरं', 'ठीक', हे सांगितल्यावर ती हिरमुसली. पण आता घरात तीही तसंच म्हणते.

सिंहली मी कानानं शिकायला घेतली, व्हिडिओ लावून, भाजी चिरताना. पहिल्या दिवशी आकडे: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. 'हत' आला आणि सुरी थांबली. सात! आपल्या 'स'चा तिथं 'ह' होतो, महाप्राण गळून पडतो आणि मग ओळखीची माणसं वेश पालटून समोर येतात. भात तो 'बत'. हात तो 'अत'. दात 'दत', कान 'कन'. गाव 'गम'. मीठ म्हणजे 'लुणु', आणि आपण लवण विसरलो तरी लोणच्यात आणि अळणी भाजीत ते आहेच. मोठ्या नदीला सरसकट 'गंगा' म्हणतात. महावेली गंगा, केलणी गंगा. आमच्या नाशिकच्या मावशी गोदावरीला गंगाच म्हणतात, तसंच. दूध 'किरि', क्षीराचं पोर. दुधातला, म्हणजे नारळाच्या दुधातला भात तो 'किरिबत', आणि तो शुभकार्याला हवाच. एप्रिलच्या मध्यावर सूर्य मेषेत जातो तेव्हा त्यांचं नवं वर्ष. त्यात जुनं वर्ष संपलेलं आणि नवं अजून लागलेलं नाही असे काही तास असतात, 'नोनगते' म्हणतात त्याला. त्या वेळात काम करायचं नाही, चूल पेटवायची नाही. आईला हे मनापासून पटलं. सत्तर वर्षं रोज चूल पेटवणाऱ्या बाईला पंचांगानं काही तास तरी सुट्टी द्यावी.

मग स्वयंपाकघर. एका रविवारी अक्कानं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा ती नारळ खवत होती. बसायला बुटकं लाकडी आसन, त्याला पुढे लोखंडी दांड्याचं दातेरी तोंड. आईनं फोन माझ्या हातातून घेतला, आत जाऊन आपला आडाळो आणला (विळीला आमच्याकडे आडाळो म्हणतात) आणि कॅमेऱ्यासमोर धरला. दोघी हसत सुटल्या. मग एकीनं बरणी दाखवायची, दुसरीनं तिची जोडीदार शोधायची असं तासभर चाललं. अक्काकडे काळं, सुकवलेलं 'गोरका', माशाच्या आंबट कालवणात घालायचं. आमचं कोकम त्याच्याच जातकुळीतलं. तिच्याकडे 'कितुल'ची काकवी, म्हशीच्या दह्यावर ओतायची. कितुल म्हणजे आपला भेर्ली माड. आपण त्याच्या लोंबत्या घोसांकडे बघून छान दिसतो म्हणतो, ते त्याचा रस आटवून गूळ करतात.

सगळ्यात रंगलं ते शिरवाळ्यांवर, म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या शेवयांवर. अक्काच्या पडद्यावर तांदळाच्या बारीक शेवयांच्या चकत्या दिसल्या, 'इंदिआप्प', आणि आई ओरडलीच, शिरवाळे! तर ते शिरवाळे नव्हेत. आपण तांदळाच्या पिठाचे मुटके आधी उकळत्या पाण्यात शिजवतो आणि गरम असतानाच साच्यात घालून दाबतो. त्याला दोन माणसं लागतात, एक साचा धरायला आणि एक अंगाचा भार टाकायला. ते भाजलेल्या पिठाचा गोळा कच्चाच दाबतात, वेताच्या छोट्या चाळणीएवढ्या चटईवर गोल फिरवून, आणि मग वाफवतात. एका हाताचं काम. आईनं हे नीट विचारून घेतलं, दोनदा. मग म्हणाली, आधी शिजवलं की तुटत नाहीत. अक्का म्हणाली, नंतर वाफवलं की चिकटत नाहीत. दोघींनीही आपलं सोडलं नाही.

आमच्या मुक्कामात श्रावण असणार आणि श्रावणात आई मासे खात नाही. तिकडे खोबऱ्याच्या चटणीत, पोल संबोलात, 'उंबलकड' असतं. म्हणजे सुकवलेल्या माशाचा भुगा, दिसत नाही पण असतो. म्हणून तिला एक वाक्य पाठ करून दिलं: "उंबलकड एपा." एपा म्हणजे नको. हा शब्द तिला इतका आवडलाय की दूधवाल्यालाही ऐकवून झाला.

इथपर्यंत आले तेव्हा मला वाटायला लागलं होतं की हा देश मला कळला. समुद्र, माड, आंबट कालवण, अक्का, भात. कोकणाचं दुसरं पान उलटल्यासारखं. मग चहाच्या मळ्यांकडे हॅटनला नेणाऱ्या ड्रायव्हरचा नंबर अक्कानं दिला. मी मोठ्या उत्साहात त्याला सिंहलीतून आवाजी निरोप पाठवला. आयुबोवन, कोहोमद, स्तुतियि, सगळं एका दमात. त्याचं उत्तर इंग्रजीत आलं, अगदी सौम्य. आपण छान बोलता. आमच्या घरी तमिळ बोलतात.

त्या एका वाक्यानं मला पुन्हा वहीकडे बसवलं. सिंहली सोपी जाते म्हणून मी ती घेतली होती आणि जिथं चौघांमागे एकाची भाषा तमिळ आहे तिथं तिचा एक शब्द शिकले नव्हते. या देशात ही चूक साधी नाही. 1956 साली सिंहली हीच राजभाषा असा कायदा झाला. 1981 साली उत्तरेकडच्या, तमिळांच्या जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे 97 हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं. 1983 च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली आणि तिथून पुढचं युद्ध 2009 च्या मे महिन्यापर्यंत चाललं. यातल्या तारखा मला वर्तमानपत्रातून तुटक तुटक आठवत होत्या. त्या ग्रंथालयाबद्दल मात्र मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि मी स्वतःला वाचणारी बाई समजते.

मळ्यांची गोष्ट आणखी निराळी. ड्रायव्हरचे पूर्वज जाफन्याचे नव्हेत, इंग्रजांनी तमिळनाडूतून आणलेले मजूर. आधी कॉफीसाठी आणले. समुद्र ओलांडून मन्नारला उतरायचं आणि जंगलातून कँडीच्या डोंगरांपर्यंत चालत जायचं. वाटेतच कितीतरी मेले. 1869 पासून तांबेरा रोगानं कॉफी बुडवली आणि दोन वर्षं आधी जेम्स टेलरनं लूलकंदुरेला लावलेला चहा सगळ्या डोंगरांवर पसरला. मजूर तेच. 1948 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नव्या कायद्यानं यातल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं. 1964 साली शास्त्रीजी आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांनी करार केला. सव्वापाच लाख माणसं भारतानं घ्यायची, तीन लाख तिकडे ठेवायची, उरलेल्या दीड लाखाचं नंतर बघू. माणसांची अशी वाटणी आपल्या इतक्या आवडत्या पंतप्रधानांच्या सहीनं झाली, हे मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. उरलेल्यांपैकी शेवटच्यांना नागरिकत्व मिळायला 2003 साल उजाडलं. सकाळी पितो त्या चहाच्या डब्यावर 'सिलोन' लिहिलेलं असतं, त्यातलं हे काहीच डब्यावर मावत नाही.

दहा दिवसांत जाफना बसत नाही. आईच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपणारही नाही. पण तो बसवायचा प्रयत्नही मी उशिरा केला, हे खरं. तमिळ मी आता चार शब्दांपुरती शिकलेय. वणक्कम, नन्री, तण्णी, आणि 'सरि'. सरि म्हणजे बरं, ठीक. अक्काची हरि, ड्रायव्हरची सरि.

पेट्रोलच्या रांगांबद्दल अक्काला मी विचारणार नव्हते, तिनं स्वतःच सांगितलं. 2022 मध्ये गॅस मिळेना तेव्हा तीन महिने परसात करवंट्या जाळून रांधलं. आदल्या वर्षी सरकारनं रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली होती, भाताचं पीक घसरलं, परकीय चलन आधीच आटलेलं. जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरले ते जगानं पाहिलं. "आता ठीक आहे," ती म्हणाली, आणि लगेच, "खोबरं महाग झालंय." आई म्हणाली, आमच्याकडेही.

आता वहीत तारखा पक्क्या झाल्यात. तिकडे प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते, 'पोय' म्हणतात. दारू-मटणाची दुकानं बंद, देवळांत पांढऱ्या कपड्यांची गर्दी. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे आईला सांगावं लागलं नाही, मी स्वतःला बजावलं. कँडीची मिरवणूक, एसल पेरहेर, ऑगस्टमधल्या निकिनी पौर्णिमेला संपते. सजवलेले हत्ती, चाबूक वाजवणारे, मशाली, ढोल. मुक्कामाच्या चार रात्री कँडीत, मग दोन हॅटनला स्वेटर घालून, मग मिन्नेरिया आणि शेवटी पूर्वेला त्रिंकोमाली, जिथं तेव्हा समुद्र शांत असतो. कालनिर्णय उघडून पाहिलं तर निकिनी म्हणजे आपली नारळी पौर्णिमा.

आईनं ते बघितलं आणि गप्प झाली. त्या दिवशी ती दर वर्षी मालवणला जाते, समुद्राला नारळ द्यायला, कोळीण नसूनही. तिच्या वडिलांची रीत. मी म्हटलं, तारखा मागे-पुढे करता येतील अजून, तिकिटं काढलेली नाहीत.

ती आत गेली. थोड्या वेळानं साच्याची करकर ऐकू आली म्हणून मी भार टाकायला उठले. परातीत शिरवाळ्यांचा पहिला चवंगा पडत होता. "तुझ्या त्या अक्काला विचार," साचा धरून ती म्हणाली, "त्रिंकोमालीला नारळ केवढ्याला पडतो. इथून न्यायला देतील का नाही कोण जाणे." मी दाबलं. ती मोजू लागली. एक, देक, तुन. चौथ्याला अडली.

"हतर," मी म्हटलं.

"हरि," ती म्हणाली.